खातो, पण अंगी लागत नाही: बारीक, फिकट माशावर उपचार करताना या चुका टाळा

पाठ सुरीच्या धारेसारखी, पोट आत ओढलेले, अंगाच्या मानाने डोके मोठे, रंग उडालेला. घरच्या टँकमध्ये असा गप्पी किंवा एंजल मासा दिसला की बहुतेक जण दुकानातून निळे औषध आणतात, टँकमध्ये दहा-बारा थेंब टाकतात आणि वाट पाहतात. औषध खोटे नसते, पण ते या दुखण्याचे नसते. मिथिलीन ब्लू बुरशीवर आणि अंडी सांभाळायला उपयोगी. आतड्यातल्या जंतांना त्याने काहीही होत नाही. मिठाचेही तसेच. या वाट पाहण्यात जाणारे आठ-दहा दिवसच बारीक माशाला महागात पडतात.

बारीक म्हणजे जंतच, असे धरून चालणे

आधी तीन दिवस फक्त खाणे बघा. मासा हावरटासारखा खातो आणि तरी वाळत जातो, तर संशय कृमींवर. खाणे तोंडात घेतो, चघळतो आणि थुंकतो, शिवाय कोपऱ्यात गडद होऊन उभा राहतो, तर आतड्यातल्या एकपेशीय परजीवींवर. हेक्सामिटा, स्पायरोन्यूक्लियस ही त्यांची नावे. खायला येतो पण दुसरा मासा त्याला हाकलून लावतो, तर तो निव्वळ उपाशी आहे. त्याला जाळीच्या पेटीत वेगळे ठेवून दिवसातून तीनदा थोडे थोडे खायला घाला. आठवड्यात पोट भरले तर औषधाची गरजच नाही.

रंगाचीही गल्लत होते. सकाळी दिवा लावल्या लावल्या बरेच मासे फिकट दिसतात, पांढऱ्या वाळूवरही दिसतात. तासाभराने परत बघा.

मग पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. गप्पी आणि मॉलींना कठीण, क्षारयुक्त पाणी मानवते. मुंबईत तलावांचे मऊ पाणी येते, त्यात मॉली पंख मिटून जागच्या जागी डुलते आणि हळूहळू खंगते, पोटात एकही जंत नसताना. फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवल्याने पाण्याचा कठीणपणा हळूहळू वाढतो. देशावर बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांना हा प्रश्न सहसा येत नाही.

दोन दुखणी जंतांसारखी दिसतात, पण जंतांच्या औषधाला दाद देत नाहीत. निऑन टेट्राच्या लाल-निळ्या पट्ट्यात फिकट डाग पडून पाठ वाकडी होऊ लागली, तर तो निऑन टेट्राचा रोग, त्यावर औषध नाही. दुसरा माशांचा क्षय: महिनोन्‌महिने एकेक मासा वाळतो, कणा वाकतो, अंगावर न भरणाऱ्या जखमा येतात. हे जंतू माणसाच्या हातावरच्या कापल्या-खरचटल्या जागेतून शिरतात आणि तिथे महिनोन्‌महिने टिकणाऱ्या गाठी होतात. म्हणून बारीक मासा असलेल्या टँकमध्ये हातमोजे घालूनच हात घाला आणि सायफनची नळी तोंडाने ओढू नका. नळी पूर्ण पाण्यात बुडवून भरा, एक टोक अंगठ्याने दाबून खालच्या बादलीत सोडा.

पांढरी शी दिसली की लगेच मेट्रोनिडाझोल (एकपेशीय परजीवींवरचे औषध) देणे

पांढरी, दोऱ्यासारखी शी म्हणजे रिकाम्या आतड्यातला चिकट स्राव. दोन दिवस उपाशी असलेला ठणठणीत मासाही अशी शी करतो. मासा व्यवस्थित खात असूनही सलग तीन-चार दिवस शी पांढरीच राहिली, तर त्या खुणेला अर्थ आहे.

नक्की काय ते सूक्ष्मदर्शक सांगतो. शाळा-कॉलेजातला साधाही चालतो. शी पडल्या पडल्या ड्रॉपरने उचला, टँकच्याच पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवा, वर पातळ काच ठेवून लगेच बघा. १०० पटीत कृमींची अंडी दिसतात. कॅपिलारिया या गोलकृमीचे अंडे लांबट आणि दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखे असते. ४०० पटीत वेड्यासारखे सैरावैरा धावणारे ठिपके दिसले तर ते एकपेशीय परजीवी. नमुना शिळा झाला की त्यांची हालचाल थांबते आणि मग काहीच नाही असे वाटते.

कुठल्याही जंतावर कुठलेही जंताचे औषध

सर्वात जास्त मासे इथे जातात. एकपेशीय परजीवींवर मेट्रोनिडाझोल, पट्टकृमींवर (फितीसारखे चपटे जंत) प्राझिक्वांटेल, गोलकृमींवर (धाग्यासारखे गोल जंत) लेवामिसोल किंवा फेनबेंडाझोल. प्राझिक्वांटेलने गोलकृमी मरत नाहीत, मेट्रोनिडाझोलने कुठलाच कृमी मरत नाही. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या तीन औषधांच्या मिश्र गोळ्या तर वापरूच नका, एकाचे प्रमाण जुळवताना दुसऱ्याचे बिघडते.

गप्पी, मॉली, प्लॅटी यांच्यात नेहमी सापडणारा गोलकृमी म्हणजे कॅमॅलॅनस. मासा स्थिर उभा असताना गुदद्वारातून दोन-तीन लालसर धागे डोकावतात. तो हलला की आत जातात. म्हणून घाईत बघणाऱ्याला ते दिसतच नाहीत. चिमट्याने ओढू नका, जंत आतड्याला आतून चावून धरलेला असतो आणि आतडे फाटते.

त्यावर लेवामिसोल, लिटरला २ मिलीग्रॅम, २४ तास. फिल्टरमधला कोळसा आधी काढा, नाहीतर तो औषध शोषतो. तळ सायफन करून निम्मे पाणी बदला, औषध घाला, दिवा बंद करून टँक झाका, हवा जोरात चालू ठेवा. लेवामिसोल जंताला मारत नाही, लुळा पाडते. लुळे जंत शीबरोबर तळाला पडतात. ते तिथेच राहिले तर पुन्हा तरतरी येते, किंवा मासेच ते उचलून खातात. म्हणून २४ तासांनी तळाचा कोपरान्‌कोपरा सायफन करणे हा उपचाराचा अर्धा भाग आहे. मग ५० ते ७० टक्के पाणी बदला आणि कोळसा परत ठेवा. फार पोखरलेला मासा जंत सुटल्यावरही दगावू शकतो. त्याला औषध बाधले असे समजून बाकीच्यांचा उपचार थांबवू नका.

टँकचे लिटर अंदाजाने धरणे

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक म्हणजे काठोकाठ ५६.६ लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी साधारण ४७ लिटर. लेवामिसोल लागेल ९४ मिलीग्रॅम. १५० मिलीग्रॅमची गोळी कुटून १५० मिलीलिटर पाण्यात विरघळवा, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये एक मिलीग्रॅम. त्यातले ९४ मिलीलिटर मोजून घाला. वाटी-चमच्याचा हिशेब इथे चालत नाही, सिरिंज वापरा. पुडी किंवा द्रावण आणले असेल तर त्यात मूळ औषध किती टक्के आहे ते वेष्टनावर वाचून हिशेब करा.

खाणाऱ्या माशाला पाण्यातून औषध

गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीत नाही. मेट्रोनिडाझोल पाण्यात टाकले तर आतड्यात पोचते फारच थोडे. मासा खात असेल तर औषध खाण्यातूनच द्या: २० ग्रॅम कोरड्या खाद्याच्या भुकटीला २०० मिलीग्रॅमची एक गोळी, बारीक कुटून. एक चमचा जिलेटिन ४० मिलीलिटर गरम पाण्यात विरघळवा, कोमट झाल्यावर खाद्य आणि औषध मिसळा, ताटलीत पातळ थापून फ्रिजमध्ये ठेवा. पाच दिवस दुसरे काहीही देऊ नका आणि मिनिटभरात संपेल एवढेच घाला.

अन्नाला तोंडच लावत नसेल तर मात्र पाण्यातूनच द्यावे लागते: लिटरला ५ मिलीग्रॅम, एक दिवस आड, तीन वेळा, प्रत्येक वेळी आधी पाणी बदलून.

फेनबेंडाझोल पाण्यात विरघळतच नाही, तेही खाण्यातून: १०० ग्रॅम खाद्याला २५० मिलीग्रॅम, तीन दिवस. टँकमधल्या गोगलगायी आधी काढून ठेवा, त्यांना ते बाधते.

मेट्रोनिडाझोल डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळते. पशुवैद्याकडे जाताना माशाचा व्हिडिओ आणि टँकची मापे न्या, म्हणजे सल्ला नेमका मिळेल. जे मासे कधीतरी ताटात जाणार आहेत त्यांना हे औषध कधीच देऊ नका.

एक फेरी, आणि तीही एकाच माशाला

औषधातून अंडी आणि कोवळ्या अळ्या सुटतात. लेवामिसोलची दुसरी फेरी तीन आठवड्यांनी, फेनबेंडाझोलची १४ ते २१ दिवसांनी द्या, मासे कितीही टवटवीत दिसले तरी. कॅमॅलॅनस एकात दिसला म्हणजे त्याच पाण्यातल्या सगळ्यांना उपचार हवा. आजारी तेवढा वेगळा काढून भागत नाही. जाळी, नळी, बादली त्या टँकची वेगळी ठेवा आणि दर वेळी खडखडीत वाळवा.

रोग येतो तो बहुधा नव्या माशाबरोबर. कुर्ल्याच्या बाजारातला गप्पी कोलकाता किंवा चेन्नईच्या कोळत्तूरकडच्या शेततळ्यातून, मध्ये दोन-तीन टाक्यांचे पाणी बघून आलेला असू शकतो. नवा मासा स्पंज फिल्टर लावलेल्या २० लिटरच्या साध्या, वाळू नसलेल्या पेटीत चार आठवडे ठेवा. उघड्या तळाला शी लगेच दिसते. जिवंत ट्यूबिफेक्स (माशांना खायला घालतात ते बारीक लाल किडे) तेवढे दिवस बंद.

बरा होणाऱ्या माशाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्या आणि आठवड्यातून एकदा वरून फोटो काढा. पोट दोन-तीन आठवड्यांत भरते, पाठीचे मांस त्याच्या बरेच मागून. दोन पूर्ण फेऱ्यांनंतरही पाठ धारेसारखीच राहिली, तर क्षयाचा संशय धरून त्या टँकमधला एकही मासा, झाड किंवा गोगलगाय कोणाला देऊ नका.