बाथरूम नव्याने करताना वायरिंग: आरसीसीबी पडतोय म्हणून काढू नका

तोडफोड संपली, भिंती उघड्या पडल्या, की वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावण्याआधी वायरिंग पूर्ण करून घ्या. मेन बंद ठेवणं, लायसन्सवाला वायरमन लावणं, हे तुम्ही करालच. बाकीचं त्याच्या शेजारी उभं राहून करवून घ्यायचं आहे, खास करून आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळू लागला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच.

वायरचे पाइप भिंतीतून वरच्या बाजूने न्या. फरशीखालच्या भरावातून एकही नको. दिवे आणि एक्झॉस्टला 1.5 चौरस मिमी, गीझरला 4 चौरस मिमी तांब्याची वायर घ्या. 2 किलोवॉटचा गीझर जेमतेम 9 अँपिअर घेतो, 2.5 ची वायर पुरते, असं कुणीतरी सांगेलच. हिशेब बरोबर आहे. पण उद्या त्याच पॉइंटवर 3 किलोवॉटचा इन्स्टंट गीझर आला तर 13 अँपिअर लागतात. वायरला सवड असलेली बरी, कारण नंतर ती बदलायला टाइल्स कुणी फोडत नाही. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरला तांब्याची वायर पिळून जोडू देऊ नका. तो सांधा सैल होतो, तापतो आणि जळतो.

आता अर्थिंग. गीझरचा जुना सॉकेट उघडा. वरच्या जाड पिनच्या मागून हिरवी वायर डीबीकडे, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या पेटीकडे, गेलेली दिसली पाहिजे. पुष्कळदा तिथे बोटभर वायरचा तुकडा सापडतो, अर्थच्या स्क्रूवरून न्यूट्रलच्या स्क्रूला जोडलेला. अर्थ मिळत नाही म्हणून कुणीतरी केलेली ही सोय जीव घेते. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की चालू असलेल्या दिव्या-गीझरमधून आलेला करंट त्या तुकड्यावाटे गीझरच्या टाकीच्या पत्र्यावर आणि पाण्यात उतरतो. तो तुकडा आधी काढा. काही घरांत अर्थची वायर लोखंडी पाण्याच्या पाइपला बांधलेली असते. तिथे प्लास्टिकचा सीपीव्हीसी पाइप बसला की ते अर्थिंगही संपतं, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. हिरवी वायर मीटररूममधल्या अर्थच्या पट्टीपर्यंत गेलीच पाहिजे. मल्टिमीटरवर फेज-अर्थमध्ये 230 व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नका, कारण कसाबसा टेकलेला अर्थही तेवढे दाखवतो. अर्थ टेस्टरने मोजून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आरसीसीबीचा. एमसीबी, म्हणजे फार जास्त करंट गेला की पडणारा स्विच, वायर वाचवतो, माणूस नाही. ओल्या अंगातून जाऊन जीव घेणारा करंट एवढा थोडा असतो की 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. 100 किंवा 300 चा कुणी आणला तर परत पाठवा. तो माणसासाठी नाही.

तो बसवला की जुन्या घरात हमखास पडतो. दिवा लावला, खट्. वायरमन म्हणतो, "साहेब, पीसच खराब आहे, डायरेक्ट करून देतो." अजिबात करू देऊ नका. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून पाहतो. जुन्या वायरिंगमध्ये बाथरूमच्या दिव्याचा न्यूट्रल जवळ पडतो म्हणून हॉलच्या बोर्डातून उचललेला असतो. करंट जातो एका वाटेने, परततो दुसऱ्या वाटेने, आणि आरसीसीबी आपलं काम चोख करतो. या एका गोष्टीने मला सुरुवातीला फार छळलं, कारण आरसीसीबी बदलून, वायर हलवून काहीच हाती लागत नाही.

शोधायचं असं: मेन बंद. बाथरूममधली सगळी उपकरणं सोडवा. डीबीत बाथरूमचा न्यूट्रल पट्टीवरून काढा आणि तो घराच्या बाकी न्यूट्रलशी जुळतो का, हे मल्टिमीटरवर बघा. बीप वाजली तर न्यूट्रल कुठेतरी मिसळलाय. मग तोच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये 500 व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावा. 1 मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ओल किंवा खरचटलेली वायर आहे. भिंती उघड्या असतील तर मी शोधत बसत नाही. डीबीपासून बाथरूमपर्यंत फेज, न्यूट्रल, अर्थ अशा तिन्ही वायर नव्या ओढायला लावतो, आणि आरसीसीबीनंतरच्या न्यूट्रलला डीबीत स्वतंत्र पट्टी देतो. वायरचे थोडे जास्त पैसे जातात, ते जाऊ द्यावेत.

गीझरचा डीपी स्विच बाथरूमबाहेर घ्या. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. शॉवरपासून 60 सेंमीच्या आत, 2.25 मीटर उंचीखाली स्विच-सॉकेट मुळीच नको. प्लास्टरआधी मेजपट्टी धरून पाइपांचे फोटो काढा.

काम संपलं की गीझर, दिवे, एक्झॉस्ट सगळं एकदम चालवा आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबा. तो पडल्यावरच शेवटचा हप्ता द्या.