गळ्यात ट्यूब असलेल्या बाळाची त्वचा कशी जपावी

ट्रेकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छिद्र करून त्यात ट्यूब बसवणं) झालेलं बाळ घरी न्यायची वेळ आली की आईवडिलांचं सगळं लक्ष ट्यूबवर असतं. ते बरोबरच आहे. पण वॉर्डातली नर्स म्हणून मी त्यांना आधी हनुवटीखालच्या वळ्या उघडून दाखवते. बाळाची मान आखूड असते, कफ आणि लाळ तिथे साचते. ओली कातडी मऊ पडते आणि वरून ट्यूब बांधायची पट्टी घासली की सोलवटते.

रोज किमान एकदा स्वच्छता करा, ओलं दिसलं की पुन्हा. माणसं दोन हवीत: एकाने ट्यूब धरायची, सोडायची नाही. सक्शन मशीन (कफ ओढून काढणारं यंत्र) चालू स्थितीत, त्याच मापाची आणि एक माप लहान अशी जादा ट्यूब हाताशी. हात धुवा. खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली की मान उघडी होते. आधी कफ काढा. मग सलाइनमध्ये (निर्जंतुक मिठाच्या पाण्यात) भिजवून पिळलेल्या गॉजने (जाळीदार पट्टीच्या कापडाने) छिद्रापासून बाहेरच्या दिशेला पुसा. एक तुकडा एकदाच फिरवायचा. ट्यूबच्या पंखांखाली, म्हणजे मानेवर टेकणाऱ्या दोन्ही बाजूंच्या चपट्या भागांखाली, पुसायला विसरू नका. शेवटी कोरड्या गॉजने टिपून घ्या, घासू नका. हे टिपणं घाईत राहून जातं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच.

कापूस किंवा कात्रीने कापलेला गॉज नको, त्याचे धागे छिद्रातून आत जाऊ शकतात. पावडर, व्हॅसलीन, हायड्रोजन पेरॉक्साइड डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका. फोमचं ड्रेसिंग असेल तर भिजताच बदला. भिजलेलं ड्रेसिंग नसण्यापेक्षा वाईट.

पट्टी बांधताना बाळाची मान किंचित पुढे झुकवा आणि तुमचं एक बोट खाली जेमतेम जाईल इतकी ठेवा. सैल असली तर ट्यूब निघेल, आवळली तर जखम होईल. मानेची मागची बाजूही बघा, तिथले व्रण उशिरा लक्षात येतात. व्हेंटिलेटरची नळी ट्यूबला एका बाजूला ओढत असेल तर तिला आधार द्या.

लाल चट्टा आणि भोवती बारीक पुरळ असेल तर बहुधा बुरशी. औषध डॉक्टरच देतील. छिद्राच्या कडेला ओलसर लालबुंद मांस वाढलं तर ते खुडू नका, दाखवून घ्या. पू, दुर्गंधी, ताप, पसरणारी लाली किंवा दाबाचा न जाणारा वळ दिसला तर त्याच दिवशी फोन करा. ट्यूबमधून ताजं रक्त आलं किंवा श्वासाला त्रास झाला तर फोनवर विचारत बसू नका, थेट तातडीची मदत बोलवा.