कुळागरातल्या गोगलगाई किती? मोजायचं कसं आणि त्या आकड्याचं करायचं काय

मिरगाचा पाऊस लागला की गोव्यातल्या फोंडा-सत्तरीच्या कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "यंदा गोगलगाई भारीच झाल्यात." गेल्या वर्षी किती होत्या असं विचारलं, तर सांगणारा गप्प. आकडाच नसेल, तर वेचून, मीठ टाकून किंवा विषाच्या गोळ्या घालून काही फरक पडला की नाही, हे तरी कळायचं कसं? एखाद्या जागेत एका जातीचे जीव किती आहेत, ते का वाढतात आणि कुठे थांबतात, याचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याची तोंडओळख करून घ्यायला टॉर्च, वही, सुतळी आणि नेलपॉलिशची बाटली पुरते.

आपल्याकडची ही मोठी, तपकिरी पट्ट्यांची शंखाची गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि तिथून ती देशभर पसरली. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते. म्हणजे जोडीतल्या दोघीही अंडी घालू शकतात, आणि एका वेळी शे-दोनशे अंडी सहज घालतात.

आधी हद्द आखा

कुठली जागा मोजायची ते ठरवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. समजा, गडग्यापासून पाटापर्यंतचा १००० चौरस मीटरचा तुकडा घेतला. आता कोणती गोगलगाय मोजायची तेही ठरवा. शंख तीन सेंटीमीटरपेक्षा मोठा असलेल्याच धरा, बारीक पिल्लांवर खूण टिकत नाही. मग शेवटी येणारा आकडा फक्त मोठ्यांचा असेल, हे वहीत पहिल्याच पानावर लिहा.

मोजणी रात्री, पाऊस ओसरल्यावर. पायात गमबूट हवेत, कारण त्या वेळी साप-विंचूही बाहेर असतात. हातमोजे तर हवेतच. या गोगलगाईंत उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. काम झालं की साबणाने हात धुवायचे, पोरांना त्यांच्याशी खेळू द्यायचं नाही.

चौकट टाकून मोजणं

सुतळी आणि चार काठ्या घेऊन एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. ती वीस ठिकाणी मांडा. ठिकाणं मात्र स्वतः निवडू नका, चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर पाय आपोआप सडक्या केळीच्या बुंध्याकडे वळतात, आणि गोगलगाई तिथेच असतात. समजा वीस चौकटींत मिळून पाच सापडल्या. म्हणजे चौरस मीटरला पाव, आणि १००० चौरस मीटरला २५०.

हिशेब सोपा आहे, पण त्यावर मी फारसा विश्वास ठेवणार नाही. त्या पाचही दोनच चौकटींत सापडल्या असतील, तर त्यातली एक चौकट हातभर बाजूला पडली असती आणि उत्तर निम्म्यावर आलं असतं. कळपाने राहणाऱ्या जीवांना ही रीत नीट लागू पडत नाही, पडायचीच तर चौकटी पुष्कळ वाढवाव्या लागतात. खारफुटीच्या चिखलातल्या, एक नांगी मोठी असलेल्या कुर्ल्यांची बिळं ओहोटीला मोजायची असतील, तर मात्र हीच रीत वापरा. बिळं पळून जात नाहीत.

खूण करून पुन्हा पकडणं

खरी मजा इथे आहे. पहिल्या रात्री सापडतील तेवढ्या गोगलगाई उचला, शंख फडक्याने कोरडा करा आणि नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. ठिपका शंखाच्या तोंडाजवळ, खालच्या अंगाला आणि लहान असावा. पाठीवर लालभडक टिकली लावलीत तर भारद्वाजाला आयतं निमंत्रण, तो या गोगलगाई आवडीने खातो. खूण केलेल्याच जास्त मेल्या तर हिशेब बिघडला. पॉलिश वाळलं की जिची तिला तिच्या जागी सोडा.

चार-पाच दिवस जाऊ द्या, म्हणजे त्या बाकीच्यांत मिसळतील. मग पुन्हा एका रात्री सगळं कुळागर तसंच हिंडा. समजा पहिल्या रात्री ६० वर खूण केली होती. दुसऱ्या खेपेला ५० सापडल्या, त्यातल्या १२ खुणेच्या. खुणेच्या जितक्या प्रमाणात परत आल्या, तितक्याच प्रमाणात एकूण संख्येतल्या आपल्या हाती लागल्या असं धरायचं. म्हणून ६० गुणिले ५०, भागिले १२, बरोबर २५०. सापडलेल्या थोड्या असतील तर हे उत्तर जरा फुगतं. तेव्हा तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून तोच हिशेब करायचा आणि शेवटी एक वजा करायचा: ६१ गुणिले ५१, भागिले १३, वजा १. उत्तर साधारण २३८.

या रीतीचा मोठा गुण असा, की दुसऱ्या रात्री पाऊस कमी झाला आणि गोगलगाई कमी बाहेर आल्या, तरी फारसं बिघडत नाही. खुणेच्या आणि बिनखुणेच्या सारख्याच प्रमाणात कमी येतात. बिघडतं ते मधल्या दिवसांत कोणी वेचायला सुरुवात केली, शेजारच्या बागेतून नव्या आल्या किंवा ठिपके निघून गेले तर. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

हा प्रयोग बेडकांवर मात्र करू नका. पावसात मोठे बेडूक धरणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, मग हेतू ताटाचा असो की वहीचा.

मोजता मोजता लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन रकाने करून नोंद ठेवा. शंखाची कड जाड झालेली म्हणजे पुरती वाढलेली. बारीक पिल्लं भरपूर दिसली तर संख्या बहुधा वाढीला लागली आहे.

आकडा का हलतो

संख्या बदलायला चारच कारणं: जन्म, मरण, बाहेरून येणं आणि बाहेर जाणं. तिसऱ्या कारणाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. नर्सरीतून आणलेली कुंडी, शेणखताची गाडी, मातीचा ट्रक, यांतून अंडी घरपोच येतात.

आता २५० दर पावसाळ्याला दुप्पट झाल्या असं धरा. पाच पावसाळ्यांत ८०००, म्हणजे चौरस मीटरला आठ. असं अखंड चालत नाही. दाटी वाढली की कोवळा पाला पुरत नाही, आडोसा पुरत नाही, अंडी कमी घातली जातात, पिल्लं मरतात. जागा जेवढ्यांना पोसू शकते तेवढ्यावर आकडा रेंगाळतो, त्याला धारणक्षमता म्हणतात. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट या गणितज्ञाने १८३८ मध्ये हे समीकरणात मांडलं. एप्रिल-मेचा कोरडेपणा ही वेगळी गोष्ट. त्याला दाटीशी देणंघेणं नाही, थोड्या असोत की फार, गोगलगाई शंखाचं तोंड बंद करून गडग्याच्या चिऱ्यांत पडून राहतात.

आकडा दरवेळी शहाण्यासारखा रेंगाळतोच असं नाही. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले होते. १९६३ पर्यंत ते ६००० झाले, त्यांनी चारा फस्त केला आणि १९६६ मध्ये ४२ उरले.

वेचायचं कधी

व्हेरहुल्स्टच्या समीकरणात एक गोम आहे. संख्या धारणक्षमतेच्या साधारण निम्म्यावर असते, तेव्हा तिची वाढ सर्वांत जास्त. गोव्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामागचा विचार याच घराण्यातला: विणीच्या वेळी मासे सोडा, पुढे भरपूर मिळतील. कुळागरात आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. तरी आपण ऑगस्टमध्ये, अंडी घालून झाल्यावर, निम्म्याशिम्म्या गोगलगाई वेचतो आणि उरलेल्यांना मोकळं रान करून देतो. ही गोगलगाईंची शेतीच झाली.

म्हणून पहिल्या पावसानंतर लगेच, मोठ्या गोगलगाई चिऱ्यांतून बाहेर येतात तेव्हाच वेचायला लागा. ओली गोणपाटं आणि पपईची सालं रात्री ठेवली की सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या मिळतात. वेचलेल्या मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका, पोफळीच्या मुळाशी मीठ पसरू नका. विषाच्या गोळ्यांनी कुत्री मरतात, त्या टाळलेल्या बऱ्या. माती उकरताना साबुदाण्यासारखे पण थोडे मोठे पिवळट पुंजके दिसले तर ती अंडी, तीही बादलीत. आणि सबंध वाड्याने एकाच आठवड्यात वेचलं तरच उपयोग, नाहीतर गडग्यापलीकडून नव्या येतच राहतात.

महिन्याभराने त्याच हद्दीत, दुसऱ्या रंगाच्या नेलपॉलिशने मोजणी पुन्हा करा. २३८ च्या जागी १८० आले तर त्यावर फार भरवसा ठेवू नका, एवढा फरक मोजणीतल्या नशिबानेही पडतो. ६० आले तर वेचणं कामी आलं.