एकाच खोलीत गाणं आणि पियानो: माइकची कड पियानोकडे करा

जॅझमध्ये गाणारी आणि पियानो वाजवणारा एकमेकांना बघत असले तरच ती मजा येते, पण एकाच खोलीत रेकॉर्डिंग घेतलं की गाण्याच्या माइकमध्ये पियानो इतका शिरतो की मिक्सिंगला नुसता गाण्याचा आवाज वर घेताच येत नाही. महागडा आवाजबंद बूथ नको, फिगर-एट पॅटर्नचा माइक असेल तर एवढं करा:

१. फिगर-एट माइक पुढून-मागून ऐकतो, ९० अंशाला कडेने जवळजवळ बहिरा असतो, म्हणून ती कड पियानोकडे करा.
२. पियानो वाजत ठेवा, बंद हेडफोन घालून माइक थोडा थोडा फिरवा, पियानो सगळ्यात बारीक आणि दबका येईल तिथे थांबा. डोळ्यांनी अंदाज करू नका, खरंच कानानेच सापडतं हे.
३. आता माइकचं तोंड जिकडे आहे तिकडे गाणारीला उभं करा, माइकच्या मागे जाड गोधडी टांगा कारण मागूनही तो तेवढाच ऐकतो.

साधा कार्डिऑइडच (मुख्यतः पुढूनच ऐकणारा माइक) असेल तर त्याची पाठ पियानोकडे.

एक सांभाळा, जुना रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी, म्हणजे रिबन, असलेला) असेल तर ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे वायरमधून माइकला जाणारी वीज, बंद आहे ना ते वायर जोडण्याआधीच बघा, रिबन खराब होऊ शकते.