त्वचानिगेच्या उत्पादनांची थेट विक्री : नागपुरातील अनुभव आणि हिशेब

थेट विक्रीच्या कंपनीत नाव नोंदवावे का, असे मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारते. विचारणाऱ्यांत नुकतीच पदवी घेतलेल्या मुली असतात, मुले शाळेत जाऊ लागल्यामुळे दुपार मोकळी झालेल्या गृहिणी असतात आणि पार्लर चालवणाऱ्या बायकाही असतात. मी प्रतापनगरात राहते आणि जून २०१७ पासून क्रीम, फेसवॉश, सनस्क्रीन व सीरम घरोघरी जाऊन विकते. पहिली साडेतीन वर्षे मी इतरांना त्याच कंपनीत विक्रेते म्हणून आपल्याखाली जोडण्याचेही काम केले. नंतर ते पूर्णपणे सोडले आणि केवळ विक्री ठेवली. विक्रीने मला जे दिले, त्यातले बरेचसे जोडण्याच्या कामात गेले, असे माझे मत आहे. ते कसे घडले, हे नव्याने येणाऱ्यांना कळावे म्हणून हिशेबासह लिहीत आहे.

आधी मिळकतीची रचना समजून घ्यावी. कंपनी विक्रेत्याला छापील किमतीपेक्षा कमी दराने माल देते. त्या दराला आमच्यात ‘डीपी’ म्हणतात. माझ्या कंपनीत हा फरक साधारण २० टक्के होता आणि ग्राहकाला छापील किमतीत विकल्यास तो संपूर्ण आपला असे. याशिवाय प्रत्येक वस्तूला पॉइंट असतात, महिन्याच्या एकूण पॉइंटांवर बोनसची टक्केवारी ठरते आणि आपल्याखालच्या लोकांच्या खरेदीचे पॉइंटही आपल्या बेरजेत धरले जातात. मात्र खालच्या व्यक्तीला मिळणारी टक्केवारी वजा करून उरलेला फरकच आपल्या हाती येतो. प्लॅन समजावताना फळ्यावर हा फरक फार ठसठशीत दिसतो, प्रत्यक्षात बँकेत जमा होणारी रक्कम लहान असते.

मार्च २०१९ ची माझी वही समोर ठेवून सांगते, कारण तो महिना मी त्या वेळी ‘चांगला’ मानला होता. छापील किमतीने १८,४०० रुपयांचा माल विकला, म्हणजे नफा ३,६८० रुपये. ओळखीच्या ग्राहकांना द्यावी लागलेली सूट १,१५० रुपये. कर कापून बँकेत जमा झालेला बोनस ७९२ रुपये. म्हणजे हाती आले ३,३२२ रुपये. आता खर्च पाहा. पेट्रोल ८६०, ग्राहकांच्या हातावर लावून दाखवण्यासाठी फोडलेल्या ट्यूब आणि नमुने ६४०, रविवारच्या मीटिंगचे तिकीट ३००, पिशव्या आणि फोन १५०, एकूण १,९५०. शिल्लक १,३७२ रुपये. त्या महिन्यात मी या कामासाठी ५८ तास दिले, हेही वहीत लिहिले आहे. भागाकार केला तर ताशी चोवीस रुपयांपेक्षाही कमी पडतात. शिवाय २,२६० रुपयांची उधारी मे महिन्यात वसूल झाली.

या हिशेबात एक नोंद अजून धरलेली नाही. ३० तारखेच्या रात्री मी ज्यांच्याखाली जोडलेली होते, त्या माझ्या वरच्या मॅडमचा फोन आला की पुढच्या टक्क्यासाठी थोडेच पॉइंट कमी पडत आहेत, तेव्हा आजच ऑर्डर टाकावी, माल काय कधीही विकला जाईल. मी ४,१०० रुपयांची ऑर्डर टाकली. त्यामुळे टक्केवारी एक पायरी वर गेली आणि बोनस सुमारे चारशे रुपयांनी वाढला. चारशे रुपयांसाठी चार हजार अडकवले, ही गोष्ट मला त्या रात्री दिसली नाही, कारण आमच्या गटात सगळ्याच जणी महिनाअखेरीस असेच करत होत्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश येत होते. नव्याने येणाऱ्या व्यक्तीने माझी एकच गोष्ट मानायची ठरवली, तर ती ही मानावी : ग्राहकाचे नाव ठरल्याशिवाय एकही वस्तू मागवू नये. ज्या दिवशी आपण पॉइंटांसाठी माल घेतो, त्या दिवशी कंपनीच्या दृष्टीने आपणच ग्राहक झालेलो असतो. सप्टेंबर २०२० मध्ये मी कपाट रिकामे केले, तेव्हा वापराची मुदत संपलेला किंवा संपत आलेला ११,७०० रुपयांचा माल निघाला.

माणसे जोडण्याविषयीचे गणित मी फार उशिरा मांडून पाहिले. प्लॅन सांगताना ‘तुम्ही फक्त सहा जण आणा, ते प्रत्येकी सहा आणतील’ असे म्हटले जाते. सहाचे छत्तीस, छत्तिसाचे दोनशे सोळा, असे करत आठव्या पातळीवर १६,७९,६१६ माणसे लागतात आणि पहिल्यापासूनची बेरीज वीस लाखांच्या वर जाते. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. म्हणजे महालापासून हिंगण्यापर्यंत तान्ह्या बाळांसकट जवळजवळ सारे शहर क्रीम विकणारे होईल आणि नववी पातळी तर एकट्याने एक कोटीच्या पुढे जाईल. मग ते क्रीम विकत कोण घेणार? हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारला की ‘नकारात्मक विचार करू नका’ एवढेच उत्तर मिळत असे.

पैशांपेक्षा मला नात्यांचे नुकसान अधिक लागले. माझ्या धाकट्या जाऊने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून नाव नोंदवले आणि पाच महिन्यांत नऊ हजारांचा माल घेतला. तिचा स्वभाव संकोची. कोणाकडे जाऊन दार वाजवणे तिला जमले नाही. पुढे वर्षभर ती माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत असे. एका दुपारी तिने कपाट उघडून दाखवले आणि म्हणाली, ‘ताई, यांना सांगितलं नाही मी अजून.’ त्या कपाटात साड्यांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून, न उघडलेल्या डब्या ओळीने ठेवलेल्या होत्या. तिचे उरलेले ६,८०० रुपये मी चार हप्त्यांत परत केले. तेव्हापासून मी कोणालाही जोडलेले नाही.

आता जे चांगले मिळाले, ते तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. कोणताही अनुभव नसताना अनोळखी माणसाशी बोलणे, नकार शांतपणे ऐकणे, उधारी न दुखावता मागणे आणि रोजचा हिशेब लिहिणे, हे मी या कामात शिकले. भांडवल फार लागत नाही, दुकानाचे भाडे नसते आणि वेळ आपल्या हातात असते. नियमित घेणारे पंचवीस-तीस ग्राहक तयार झाले की महिन्याचा किराणा किंवा मुलाच्या शिकवणीची फी निघते. त्याहून मोठी अपेक्षा मात्र ठेवू नये. माझ्या रजिस्टरमध्ये प्रत्येक ग्राहकासाठी एक पान आहे : त्वचा कोरडी की तेलकट, कशाची ॲलर्जी आहे, आधी काय वापरत होत्या, डबी कधी उघडली. चेहऱ्याचे ५० ग्रॅमचे क्रीम रोज वापरल्यास साधारण दोन महिने पुरते, म्हणून पन्नासाव्या दिवशी मी फोन करते. माझी निम्म्याहून अधिक विक्री या फोनवर होते.

नागपूरच्या हवेचा या धंद्यावर मोठा परिणाम होतो आणि तो बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांच्या ध्यानात नसतो. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते आणि ४४-४५ अंश तर दर वर्षीच असतात. क्रीमच्या वेष्टनावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ असे लिहिलेले असते, परंतु आम्ही ते स्कूटरच्या डिक्कीत घालून भर दुपारी मानेवाड्याला नेतो. एकदा मी असेच नेलेले क्रीम ग्राहकाने माझ्यासमोर उघडले, तेव्हा वर तेल तरंगत होते आणि खाली पाणचट थर बसला होता. मी ते परत घेऊन पदरचे दुसरे दिले. तेव्हापासून एप्रिल ते जून मी सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी सातनंतरच माल पोहोचवते आणि सोबत थर्माकोलचा डबा ठेवते. उन्हाळ्यात सनस्क्रीन चालते, परंतु ते कसे लावायचे हे शिकवावे लागते. चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे घ्यावे लागते, वाटाण्याएवढ्याने काम होत नाही. एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनवरचा उन्हापासून संरक्षणाचा आकडा; तो ३० आणि ५० असलेल्या ट्यूबांत आकड्यांइतका फरक नसतो, हेही मी सांगते. पहिले उन्हातल्या त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, दुसरे सुमारे ९८ टक्के. महाग ट्यूब न घेता साधी घेऊन ती पुरेशी लावलेली बरी. असे सांगितल्याने त्या दिवशीची विक्री कमी होते, पण ग्राहक टिकतो. नोव्हेंबर ते संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत कोरड्या थंडीमुळे मॉइश्चरायझर आपोआप विकले जाते.

ग्राहकाच्या त्वचेची जबाबदारी हा या कामातला सर्वांत गंभीर भाग आहे आणि त्याचे प्रशिक्षण मला कोणी दिले नाही. खामल्याच्या एका काकूंनी चेहरा उजळण्यासाठी माझ्याकडून सीरम घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा लाल होऊन आग होऊ लागली. मी वरच्या मॅडमला विचारले, तर ‘त्वचेतली घाण बाहेर पडते आहे, बंद करू देऊ नका’ असे उत्तर आले. मी ते मानले नाही, हे माझे भाग्य. काकूंना घेऊन मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, त्वचारोग विभागात गेले, तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की घरात आणखी कोणते क्रीम आहे. काकू दोन वर्षांपासून औषधाच्या दुकानातून आणलेले, स्टिरॉइड असलेले मिश्र क्रीम रोज रात्री लावत होत्या. त्याने त्वचा पातळ झाली होती आणि माझ्या सीरमने ती पेटली. अशी क्रीम चिठ्ठीशिवाय मिळू नयेत म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडयुक्त क्रीमची एक यादी ‘शेड्यूल एच’मध्ये घातली आहे, तरीही अनेक घरांत ती सर्रास वापरली जातात. म्हणून मी आता विकण्याआधी सध्याची ट्यूब दाखवायला सांगते, नवे उत्पादन कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहायला लावते आणि मुरुमांचे डाग, वांग, कोड यांविषयी कोणी विचारले, तर डॉक्टरांकडे पाठवते. सौंदर्यप्रसाधन विकणाऱ्या माणसाने रोग बरा होण्याचे आश्वासन देऊ नये. गटातल्या वरिष्ठांनी आग्रह केला तरी देऊ नये.

कायद्याची माहिती सुरुवातीलाच घ्यावी. २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम लागू झाले. त्यांनुसार कंपनीला नोंदणीसाठी प्रवेश शुल्क घेता येत नाही, विक्रेत्याशी लेखी करार करावा लागतो, करारानंतर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय माघार घेता आली पाहिजे आणि विकण्याजोगा माल वाजवी अटींवर परत घेण्याची सोय असली पाहिजे. पिरॅमिड योजना चालवण्यास मनाई आहे; माणसे जोडण्यावरच कमाई देणाऱ्या योजना १९७८ च्या कायद्यानेही बंद केलेल्या आहेत. विक्रेत्याने ओळखपत्र जवळ ठेवावे आणि वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नये, हेही या नियमांत आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात ‘नोंदणी मोफत आहे, फक्त साडेसात हजारांचा पहिला संच घ्या’ असे सांगण्यात आले होते; असे कोणी सांगितले, तर ते करारात कुठे लिहिले आहे, हे दाखवायला सांगावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. डबी हातात घेतल्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी तपासावी. यांपैकी काही नसेल, तर ती वस्तू विकू नये.

स्पर्धेविषयी थोडक्यात सांगते. आज ग्राहक आपल्यासमोर मोबाइल काढून तेच क्रीम दीडशे रुपयांनी स्वस्त दाखवतो. किमतीत आपण टिकू शकत नाही. आपण लावून दाखवतो, बदलून देतो आणि फोन केला की उत्तर देतो, एवढेच आपल्या हाती आहे.

त्यामुळे हे काम कोणाला जमेल, याविषयी माझे मत ठरलेले आहे. ज्यांच्या घरात दुसरे उत्पन्न आहे, किंवा ज्यांच्याकडे पार्लर, शिवणकाम, शिकवणी यांमुळे लोकांचे येणे-जाणे आहे, त्यांनी आठवड्याला दहा-बारा तास देऊन ते जरूर करावे. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलींनी मात्र ही पहिली नोकरी समजून यात येऊ नये. यात भविष्य निर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही आणि दोन वर्षांनी दुसरीकडे दाखवण्यासारखा अनुभवाचा दाखलाही बहुधा मिळत नाही. त्वचानिगेच्या क्षेत्राचीच आवड असेल, तर आपल्या नागपुरात एलएडी महाविद्यालयात कॉस्मेटिक टेक्नॉलॉजी शिकवली जाते. एखाद्या मोठ्या दुकानाच्या काउंटरवर सौंदर्य सल्लागार म्हणून पगारी काम करता येते. एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाच्या क्लिनिकमध्ये साहाय्यकाचे काम मिळू शकते.

ज्यांना तरीही सुरू करायचे आहे, त्यांनी पहिले सहा महिने एकाही माणसाला जोडू नये, पॅन क्रमांक देऊन कमिशनवरच्या करकपातीची नोंद दर वर्षी तपासावी, आणि उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मागावी; मी तीन वर्षे ती मागितलीच नव्हती. थांबायचे ठरले, तर तोंडी सांगून भागत नाही. कंपनीला ईमेलने लेखी कळवावे, न उघडलेला माल मुदतीत परत करून पावती घ्यावी आणि आपल्या नावावर आपोआप जाणारी मासिक ऑर्डर बंद झाल्याची खात्री करावी. माझ्या जाऊची ती ऑर्डर तिने काम सोडल्यानंतरही दोन महिने येत राहिली होती.