नॅरोबोटवर मुक्काम, काठाने पायपीट: लँगोलन कालव्यावर या चुका टाळा

दिवसा कालव्याच्या काठाने चालायचं आणि रात्री त्याच कालव्यात बांधलेल्या नॅरोबोटवर, म्हणजे राहण्याजोग्या लांबट, अरुंद बोटीवर, झोपायचं, अशा सुट्टीला लँगोलन कालवा फार सोयीचा. चेशायरमधल्या हर्लस्टनपासून वेल्समधल्या लँगोलनपर्यंत सुमारे 70 किमी, आणि टोपाथ, म्हणजे पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांची वाट, सतत सोबतीला. घोळ होतो तो लोक चालण्याचं वेळापत्रक आखतात आणि बोटीचं विसरतात म्हणून.

आठवड्यात अख्खा कालवा करायचा बेत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बोटीचा हिशोब सोपा आहे: मैल अधिक लॉक (बोट वर-खाली नेणारे, दरवाजे लावलेले पाण्याचे टप्पे), भागिले तीन, येतील तेवढे तास. हर्लस्टन ते लँगोलन साधारण 44 मैल आणि 21 लॉक, म्हणजे एका बाजूचेच 22 तास. त्यात हा कालवा लँगोलनकडून हर्लस्टनच्या तलावाकडे पाणीही वाहून नेतो, त्यामुळे लँगोलनकडे जाताना बोट प्रवाहाविरुद्ध रेटावी लागते. जाऊन-येऊन 44 तासांच्या वर. आठवडाभर रोज सहा-सात तास सुकाणू धरायचं, मग चालणार कधी?

21 पैकी 19 लॉक व्हिटचर्चच्या खाली, हर्लस्टनच्या बाजूला आहेत. म्हणून बोट व्हिटचर्च, एल्समिअर किंवा चर्कच्या आसपास घ्या. एल्समिअर ते लँगोलन 30 किमीच्या घरात आणि वाटेत दोनच लॉक. दोन दिवसांत निवांत होतं, उरलेले दिवस पायांना.

सगळेच चालायला निघाले

बोट चालू असताना किमान दोघं हवेत, एक सुकाणूवर आणि एक लॉकवर. चौघांतले तिघं डोंगराकडे गेले की चौथा लॉकपाशी अडकला. बोट हलवायच्या दिवशी चालणाऱ्यांनीच लॉकचं काम घ्यावं. विंडलास, म्हणजे लॉकच्या झडपा फिरवायची किल्ली, सॅकमध्ये टाका. माणूस ताशी 5 किमी चालतो, बोट उलट्या प्रवाहात 3-4, तेव्हा पुढे जाऊन लॉक तयार ठेवायला वेळ मिळतोच. लँगोलनच्या अलीकडे ट्रेव्हर गाव लागतं, त्याच्या पुढे कालवा काही ठिकाणी एकाच बोटीपुरता अरुंद आहे. तिथे एकाने पुढे चालत जाऊन समोरून कुणी येत नाही हे पाहावं आणि मागे फोन करावा. आधी न बघता बोट घातली की अर्ध्यावरून उलटी न्यावी लागते.

मदतीला आलेल्यांची नेहमीची चूक म्हणजे लॉकमध्ये बोट खाली उतरत असताना दोर खुंटाला गाठ मारून बांधणं. पाणी उतरतं, बोट दोराला लटकते. दोर नुसता वेढा देऊन हातात धरा आणि सोडत राहा. वरच्या दरवाजाखाली सिलचा कट्टा असतो आणि भिंतीवर पांढरी रेघ असते. बोटीचा मागचा भाग त्या रेघेच्या पुढेच राहिला पाहिजे. कट्ट्यावर तो टेकला तर बोट पुढे कलून बुडू शकते. तसं दिसलं की आधी खालच्या झडपा बंद करा, मग वरून हळूहळू पाणी सोडा.

“21 नंबरच्या पुलाशी भेटू”

कोणत्या 21? हर्लस्टनपासून सुरू झालेली पुलांची नंबरवारी एल्समिअरजवळच्या फ्रँक्टनला संपते आणि तिथून लँगोलनकडे परत एकपासून सुरू होते, नंबरापुढे ‘डब्ल्यू’ लावून. 21 चेशायरमध्ये, 21 डब्ल्यू वेल्सच्या सीमेजवळ. भेटायची जागा ठरवताना अक्षर सांगा.

संध्याकाळी गरम पाणी नाही

बिघाड नसतो. बहुतेक नॅरोबोटींवर इंजिन चाललं तरच बॅटरी चार्ज होते आणि टाकीतलं पाणी तापतं. दिवसभर बोट बांधून सगळे लँगोलनजवळच्या दिनास ब्रान किल्ल्यावर गेले, तर फ्रिज तेवढा बॅटरी खात बसतो. परतल्यावर इंजिन लावावं तर रात्री 8 ते सकाळी 8 दुसऱ्या बोटींजवळ ते चालू ठेवायचं नसतं. त्यापेक्षा सकाळी तीन-चार तास बोट हाका आणि दुपारी चाला. पूर्ण दिवस चालायचंच असेल तर सहापर्यंत परता. दीड-दोन तास इंजिन मिळालं की आंघोळी होतात.

परत आलो तर बोट आडवी

मऊ काठात ठोकलेले खुंटे शेजारून बोट वेगात गेली की हिसक्यांनी ढिले होतात. पुढचा दोर पुढे आणि मागचा मागे, दोन्ही सुमारे 45 अंशांत आणि ताणून बांधा, म्हणजे बोट मागेपुढे झुलत नाही. काठाला लोखंडी पत्रा असेल तर खुंट्यांऐवजी त्यात अडकवायच्या क्लिपा वापरा. मधला दोर छतावरून येतो, त्यावर बोट बांधून जाऊ नका, धक्क्याने ती कलते. खुंट्यावर पांढरी पिशवी बांधली की टोपाथवरचे सायकलवाले अडखळत नाहीत.

फोडणी आणि ओले मोजे

नॅरोबोटची रुंदी जेमतेम 2 मीटर आणि छत डोक्याला लागेल इतकं खाली. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म बोंबलतो. मग कुणीतरी त्याचे सेल काढून ठेवतो आणि लावायला विसरतो. आधी खिडकी आणि बाजूचं दार उघडा, मग तेल तापवा. त्याहून घातक म्हणजे ओले कपडे हवेच्या जाळ्यांवर वाळत घालणं. आत शेगडी किंवा स्टोव्ह पेटलेला आणि जाळ्या बुजलेल्या, की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास, ना रंग. कपड्यांसाठी दोरी इंजिनच्या खोलीत बांधा, बूट पुढच्या उघड्या भागात काढा.

पाँटकसल्टेवर टपावर बसणं

1805 सालचा हा जलसेतू डी नदीपासून 38 मीटर उंच आहे. कठडा फक्त टोपाथच्या बाजूला. दुसऱ्या बाजूला लोखंडी पन्हळीची बुटकी कड आणि पलीकडे थेट दरी. मुलं आत बसवा किंवा टोपाथवरून हात धरून न्या. चालतच गेलात तर पूल जास्त दिसतो.

एकच बूट

टोपाथला साधे बूट चालतात. दिनास ब्रान 300 मीटरच्या थोडा वर. सह्याद्रीतले गड चढलेल्यांना टेकाड वाटेल, पण ओल्या गवतावर गुळगुळीत तळवे घसरतात. लँगोलनच्या धक्क्यापासून हॉर्सशू फॉल्स या बंधाऱ्यापर्यंतचे 3 किमी इंजिनच्या बोटींना बंद आहेत, तिथे चालतच जायचं, आणि त्याला घरातल्या चपलासुद्धा पुरतात.