भुलीचं इंजेक्शन भरण्याआधी: दातांच्या दवाखान्यातल्या सहाय्यकांसाठी

सांगली-मिरजेच्या दातांच्या दवाखान्यांत लोकल भुलीसाठी बहुतेक वेळा 2 टक्के लिग्नोकेन असतं, सोबत भूल जास्त वेळ टिकावी म्हणून 1:80,000 किंवा 1:2,00,000 अ‍ॅड्रिनलिन. कुप्या दिसायला सारख्याच, म्हणून दोन्ही आकडे डॉक्टरांना ऐकू जातील असे वाचा आणि मगच सिरिंज भरा. पहिलीत एका मिलीत 12.5 मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रिनलिन असतं, दुसरीत 5. हृदयविकाराच्या पेशंटला एकूण 40 मायक्रोग्रॅमपुढे जात नाहीत, म्हणजे पहिलीतून जास्तीत जास्त 3.2 मिली.

लहान मुलाला काट्यावर उभं करा, आईचा अंदाज लिहू नका. 2 टक्के म्हणजे एका मिलीत 20 मिग्रॅ. मुलांसाठी किलोमागे 4.4 मिग्रॅ धरा. पोर 15 किलोचं असेल तर 66 मिग्रॅ, म्हणजे 3.3 मिली. 1.8 मिलीची दोन कार्ट्रिज (औषध भरूनच येणाऱ्या नळ्या) झाली की 72 मिग्रॅ, मर्यादा ओलांडली! दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच बैठकीत उरकायच्या ठरल्या की हे हमखास होतं, कारण दुसऱ्यांदा भरताना पहिल्याचा हिशोब कुणाच्या लक्षात नसतो. दर वेळी मिली केसपेपरवर लिहा. हिरडीवर मारलेला लिग्नोकेनचा 10 टक्के स्प्रेही धरा, एका फवाऱ्यात साधारण 10 मिग्रॅ. मोठ्यांना अ‍ॅड्रिनलिनसह किलोमागे 7, कमाल 500 मिग्रॅ.

एप्रिल-मेमध्ये कुपी खिडकीत ठेवू नका. ऊन-उजेडाने अ‍ॅड्रिनलिन खराब होतं, भूल लवकर उतरते. द्रव गुलाबी किंवा तपकिरी दिसला तर कुपी टाकून द्या. रबरी बूच स्पिरिटने पुसून वाळू द्या. बूच टोचलेली सुई बोथट होते, इंजेक्शनला नवी लावा.

सुई रक्तवाहिनीत गेली नाही ना हे बघायला डॉक्टर दट्ट्या मागे ओढतील तेव्हा सिरिंजकडे तुम्हीही बघा. रक्त दिसलं तर लगेच बोला.

आता उपाशीपोटी आलेल्यांविषयी. जत, आटपाडीहून पहाटेची एसटी पकडून आलेली मावशी सांगते, "दात काढायचाय म्हणून काही खाल्लं नाही." लोकलला उपास लागत नाही, उलट त्यानेच घेरी येते. फोनवर वेळ देतानाच सांगा, नाश्ता करून या, बीपी-शुगरच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्या. वरच्या ओठावर घाम, जांभई, चेहरा पांढरा पडला की खुर्ची सपाट करा, पाय वर घ्या, ऑक्सिजन लावा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर कलवा. एवढ्याने बहुतेक पेशंट मिनिटा-दोन मिनिटांत सावरतात. ओठाभोवती मुंग्या, कानात गुंजणं, असंबद्ध बोलणं ही मात्र औषध जास्त झाल्याची खूण. इंजेक्शन थांबवा, ऑक्सिजन द्या, 108 ला फोन लावा.

झोपेचं औषध द्यायचं असेल तर उपास लागतोच, जेवण 6 तास आधी, साधं पाणी 2 तास आधी. मिडॅझोलाम भूलतज्ज्ञच देतात. तुमचं काम पल्स ऑक्सिमीटर आणि पेशंटची छाती. बोटाला नेलपॉलिश असेल तर काढा. आकडा श्वासाच्या मागून घसरतो, म्हणून छाती हलत नाही दिसली की आकड्याची वाट न बघता हनुवटी उचला, हाक मारा, भूलतज्ज्ञांना सांगा. मिडॅझोलामचा उतारा म्हणून फ्लुमाझेनिल ट्रेमध्येच हवं, कपाटात नको.

नायट्रसचा (पेशंटला शांत करायला हुंगवतात तो वायू) सिलिंडर निळा, ऑक्सिजनचा काळा, खांद्यावर पांढरा. नायट्रस आत द्रवरूप असतो, त्यामुळे सिलिंडर संपत येईपर्यंत दाबाचा काटा हलत नाही. किती उरलाय ते वजनावरून ओळखा. शेवटी पेशंटला 5 मिनिटं निव्वळ ऑक्सिजन द्या आणि सोबत आलेल्या माणसाच्या हवाली करूनच घरी सोडा.